तीन महिन्यांच्या हार्डवेअर-ऑफिस कोर्समधून नेमके काय पदरात पाडून घ्यावे?

नमस्कार ताई,

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही कळव्याला राहता, बी.कॉम. झालेल्या आहात, मुलांच्या संगोपनात सात वर्षे नोकरीबाहेर गेली आणि आता ऐरोली-महापे पट्ट्यात ऑफिस असिस्टंट किंवा बॅक ऑफिसचे काम शोधायचे आहे. ठाणे स्टेशनजवळचा एक क्लास कॉम्प्युटर हार्डवेअर आणि ऑफिस सॉफ्टवेअर असा तीन महिन्यांचा कोर्स घेतो आणि त्यातला पहिला महिना पूर्णपणे हार्डवेअरचा आहे. मला मशीन दुरुस्त करायची नाहीत, मग हा महिना वाया तर जाणार नाही ना, या सर्टिफिकेटवर नोकरी मिळेल का आणि घरी कॉम्प्युटर घ्यावाच लागेल का, असे तुम्ही विचारले आहे.

उत्तराआधी माझी बाजू सांगून ठेवतो, म्हणजे माझ्या सल्ल्यातला कल तुम्हाला वजा करून घेता येईल. गेली २२ वर्षे मी तुर्भे, रबाळे आणि महापे एमआयडीसीतल्या लहान कार्यालयांच्या कॉम्प्युटरची देखभाल करतो, म्हणजे ज्याला सगळे एएमसी म्हणतात ते काम. आणि ९ वर्षांपासून कोपरखैरण्याला संध्याकाळची एक बॅच शिकवतो. त्यामुळे मी या विषयाकडे पाहतो ते बिघाडाच्या बाजूने. जो माणूस दिवसभर फक्त पत्रे टाइप करून घेतो, त्याचे मत माझ्यापेक्षा वेगळे असू शकेल.

हार्डवेअर हवे की नको, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. खरी अडचण ही आहे की क्लासवाले एकाच फीमध्ये कागद आणि हात अशा दोन गोष्टी देऊ करतात आणि विद्यार्थ्याला त्यांतला फरक नोकरीच्या मुलाखतीत कळतो. कागद म्हणजे सर्टिफिकेट. हात म्हणजे समोरची गोष्ट अडली की न घाबरता, कुणाला हाक मारण्याआधी, ती कुठे अडली आहे हे शोधून काढण्याची सवय. कागदाचे मोल तुम्ही कोणत्या दाराशी उभ्या आहात यावर ठरते. हाताचे मोल मात्र महापे असो की मंत्रालय, सगळीकडे सारखेच असते.

कागदाचे आधी उरकून टाकतो. राज्य सरकारच्या बऱ्याच गट-क पदांसाठी एमएस-सीआयटी ही कॉम्प्युटरच्या मूलभूत ज्ञानाची परीक्षा किंवा शासनाने समकक्ष ठरवलेली परीक्षा मागतात. २००१ साली सुरू झालेला हा अभ्यासक्रम ठाण्यातल्या गल्लोगल्ली शिकवला जातो. लिपिक-टंकलेखकासारख्या पदांना त्याशिवाय टंकलेखनाचे शासकीय प्रमाणपत्र लागते, मराठीचे मिनिटाला ३० शब्दांचे किंवा इंग्रजीचे ४० शब्दांचे. आणि ते खाजगी क्लासच्या सर्टिफिकेटने भागत नाही. तेव्हा सरकारी जागेचा विचार मनात असेल, तर कोर्समध्ये एमएस-सीआयटीची परीक्षा अंतर्भूत आहे का, हे फी भरण्याआधी लेखी विचारून घ्या. खाजगी कार्यालयांत मात्र माझा अनुभव असा आहे की सर्टिफिकेट बायोडेटावर एक ओळ म्हणून वाचले जाते आणि मग उमेदवाराला एक विस्कटलेली एक्सेल फाइल देऊन अर्ध्या तासात नीट करायला सांगितले जाते. ज्याला ती फाइल सावरता येते त्याच्या कोर्सचे नाव पुन्हा कुणी विचारत नाही.

आता हार्डवेअरच्या महिन्याकडे येतो, कारण तुमची शंका तिथेच आहे.

रबाळ्याच्या एका लहान कारखान्यात डिस्पॅचचे काम पाहणाऱ्या बाईंची तक्रार अशी होती की दर सोमवारी सकाळी इंटरनेट बिघडते. जीएसटीचे पोर्टल उघडत नाही, बँकेचे संकेतस्थळ उघडत नाही, जिकडे जावे तिकडे कनेक्शन सुरक्षित नसल्याची सूचना येते. इंटरनेटवाल्याला त्यांनी तीनदा बोलावले आणि त्याने तीनदा राउटर बंद-चालू करून दिला. मी गेलो तेव्हा पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात तारीख अनेक वर्षे मागची दिसत होती. मशीनमधले सगळे भाग जिला जोडलेले असतात त्या मुख्य पाटीवर, म्हणजे मदरबोर्डवर, रुपयाच्या नाण्याएवढी एक बटन सेल असते, सीआर २०३२ नावाची, तीन व्होल्टची. मशीनचा वीजपुरवठा तुटलेला असताना घड्याळ चालू ठेवणे हे तिचे काम. ती संपली होती. आठवडाभर कॉम्प्युटर बंद केला तरी प्लग चालूच राहत असे, त्यामुळे घड्याळाला वीज मिळत होती. शनिवारी संध्याकाळी मात्र कारखान्याचा मेन स्विच पाडला जायचा आणि सोमवारी मशीन जुन्या तारखेला जागे व्हायचे. संकेतस्थळाची सुरक्षा-प्रमाणपत्रे ठरावीक मुदतीची असतात, मशीनची तारीख त्या मुदतीबाहेर गेली की ब्राउझर ती नाकारतो, आणि फरक फार मोठा असेल तर विंडोज स्वतःहून वेळ जुळवून घेत नाही. सेल बदलायला पाच मिनिटे लागली. मधल्या काळात किती सोमवार फुकट गेले, ते मी त्यांना विचारले नाही.

ती सेल त्या बाईंनी स्वतः बदलायला हवी होती असे माझे म्हणणे नाही. पण ‘इंटरनेट बंद आहे’ असे सांगण्याऐवजी ‘मोबाइलवर तेच नेट चालते आहे, फक्त या मशीनवर तारीख चुकीची दिसते आहे’ एवढे जरी त्यांना फोनवर सांगता आले असते, तरी पहिल्याच सोमवारी काम झाले असते. कार्यालयात बसणाऱ्या माणसाने हार्डवेअर शिकायचे ते एवढ्यासाठी. दोष विजेत आहे, मशीनमध्ये आहे, विंडोजमध्ये आहे, प्रिंटरमध्ये आहे की आपल्याच फाइलमध्ये आहे, हे ओळखता आले की तुमचे निम्मे काम झाले, आणि दुरुस्तीला येणाऱ्या माणसाचे तर त्याहून अधिक.

म्हणून पहिल्या महिन्यात पुढील गोष्टी स्वतःच्या हाताने झाल्या पाहिजेत असा आग्रह धरा. वीज भिंतीपासून मशीनपर्यंत कशी येते हे आधी समजून घ्यावे: सॉकेट, यूपीएस (वीज गेल्यावर थोडा वेळ मशीन चालू ठेवणारी बॅटरीची पेटी), वायर, एसएमपीएस (कॅबिनेटमधली वीजपुरवठ्याची पेटी), मदरबोर्ड. ‘मशीन चालू होत नाही’ अशा तक्रारींपैकी कितीतरी या साखळीतल्या पहिल्या तीन कड्यांतच मिटतात. एसएमपीएस घरच्या विजेपासून १२, ५ आणि ३.३ व्होल्ट तयार करतो, एवढे ठाऊक असावे. पण त्याची स्वतःची पेटी कधीही उघडू नये, कारण आतल्या कपॅसिटरमध्ये वीज काढल्यानंतरही भार साठून राहतो. यूपीएसच्या मागे लेझर प्रिंटर जोडू नये, हे वाक्य मी प्रत्येक बॅचला पहिल्याच आठवड्यात लिहायला लावतो. शाईची पूड कागदावर पक्की करण्यासाठी त्या प्रिंटरमधला रोलर तापतो, त्या क्षणी तो लहान यूपीएसला न झेपणारी वीज ओढतो आणि शेजारी न साठवलेली फाइल उघडी ठेवून बसलेल्या माणसाचा कॉम्प्युटर बंद पडतो.

त्यानंतर कॅबिनेट उघडून रॅम, म्हणजे चालू कामाची माहिती तात्पुरती धरून ठेवणारी पट्टी, काढणे आणि पुन्हा बसवणे. हे काम दहा-बारा वेळा व्हायला हवे, कारण पहिल्या वेळी सर्वांचाच हात थरथरतो. डीडीआर ३ आणि डीडीआर ४ या रॅमच्या पट्टीवरची खाच वेगवेगळ्या जागी असते आणि कडेची सोनेरी टोकेही अनुक्रमे २४० व २८८ असतात, त्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसत नाही. बसत नसताना दाब देणाऱ्याने आमच्या वर्गात एक मदरबोर्ड गमावला आहे. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत जो दमटपणा असतो, त्याने या सोनेरी टोकांवर बारीक थर चढतो, मशीन चालू केल्यावर पडदा काळाच राहतो आणि आतून बीप ऐकू येतात. टोके साध्या खोडरबराने हलक्या हाताने पुसून रॅम पुन्हा बसवली की अनेकदा मशीन सुरू होते. पुसताना पट्टी मदरबोर्डपासून दूर धरावी, नाहीतर रबराचा चुरा रॅम बसवायच्या जागेत पडतो. कोरड्या हवेच्या गावांत स्थिर विजेची जेवढी धास्ती बाळगावी लागते तेवढी ठाण्याच्या पावसाळ्यात नसते, तरीही प्लग काढून, कॅबिनेटच्या धातूला हात लावून मगच आत हात घालण्याची सवय ठेवावी.

जुनी हार्ड डिस्क काढून तिच्या जागी एसएसडी लावणे आणि पेनड्राइव्हवरून विंडोज टाकणे, हे एकदा तरी स्वतः करावे. हार्ड डिस्कमध्ये फिरत्या तबकडीवरून माहिती वाचली जाते आणि एसएसडीत काहीच फिरत नाही. त्यामुळे चार-पाच मिनिटांत सुरू होणारे जुने मशीन नुसत्या या बदलाने अर्ध्या मिनिटात सुरू झालेले तुम्ही डोळ्यांनी पाहाल, आणि ‘कॉम्प्युटर हळू चालतो’ या तक्रारीचे कारण नेहमी प्रोसेसर नसतो हे पुस्तकाशिवाय कळेल. विंडोजमधला टास्क मॅनेजर उघडून रॅम भरली आहे की डिस्क अडली आहे, हे वाचायला शिका. चिप लेव्हल दुरुस्ती, सोल्डरिंग, मदरबोर्डचे आराखडे हे सारे तीन महिन्यांच्या कोर्सच्या माहितीपत्रकावर छापलेले असते खरे, पण ते तेवढ्यात येत नाही आणि तुम्हाला लागतही नाही. तो वेळ एक्सेलला द्या.

दोन्ही भागांना जोडणारी एक शिस्त आहे, ती इथेच सांगतो. बिघाड शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि परिणाम पाहायचा. मॉनिटर काळा असेल तर आधी फक्त केबल बदला. तेवढ्याने झाले नाही तर जुनी केबल परत लावून फक्त मॉनिटर बदला. घाईत केबल, रॅम आणि सॉकेट एकदम बदलणाऱ्याचे मशीन कधीकधी चालू होते, पण का झाले ते त्याला कळत नाही आणि पुढच्या वेळी तो पुन्हा शून्यापासून सुरुवात करतो. एक्सेलमध्ये बेरीज जुळत नसेल तर नेमके हेच करायचे असते: यादीचा वरचा अर्धा भाग तपासा, मग उरलेल्याचा अर्धा, आणि असे करत त्या एका ओळीपर्यंत पोहोचा. ज्या विद्यार्थ्यांनी पहिला महिना मन लावून केला ते दुसऱ्या महिन्यात एक्सेलच्या पत्रकातल्या चुका लवकर शोधतात, हे मी बॅचमागून बॅच पाहिले आहे. त्यामुळे तुमचा महिना वाया जाणार नाही, एवढे मी या अटीवर सांगू शकतो की क्लासमध्ये तो फळ्यावर शिकवला न जाता टेबलावर शिकवला गेला पाहिजे.

ऑफिस सॉफ्टवेअरचे शिक्षण बहुतेक ठिकाणी मेनूच्या क्रमाने चालते. आज होम टॅब, उद्या इन्सर्ट टॅब. या पद्धतीने विद्यार्थ्याला बटणे पाठ होतात, पण कार्यालयात कुणी बटणाचे नाव घेऊन काम सांगत नाही. साहेब सांगतात, “मागच्या तीन महिन्यांत कोणत्या गिऱ्हाइकाची किती येणी राहिली ते काढून द्या.” हे वाक्य ऐकल्यावर मनात रकान्यांचे चित्र उभे राहिले पाहिजे, आणि ते उभे राहण्यासाठी माहिती मुळात कशी ठेवावी हे शिकावे लागते: एका ओळीत एकच व्यवहार, एका रकान्यात एकाच प्रकारची माहिती, मध्ये रिकाम्या ओळी नाहीत, शोभेसाठी एकत्र केलेले सेल, म्हणजे पत्रकातले चौकोन, नाहीत. असे पत्रक असेल तर फिल्टर, सॉर्ट आणि यादीची गोळाबेरीज करून देणारे पिव्होट टेबल आपोआप कामाला लागतात; नसेल तर कितीही फॉर्म्युले पाठ असले तरी उपयोग होत नाही.

एक्सेलमध्ये सर्वांत जास्त नुकसान करणारी गोष्ट कोणती, असे मला विचारले तर मी तारीख सांगेन. एक्सेल तारीख आकड्याच्या रूपात साठवतो. त्याच्या मोजणीत १ जानेवारी १९०० हा पहिला दिवस असतो आणि १ एप्रिल २०२५ चा आकडा ४५७४८ येतो. म्हणूनच दोन तारखांची वजाबाकी करून बिल किती दिवस थकले आहे ते काढता येते. आता समजा मशीनची विभाग-सेटिंग (विंडोजमधले रीजन) अमेरिकी आहे, जी नव्या मशीनवर अनेकदा तशीच राहून जाते. तुम्ही ३ एप्रिल या अर्थाने ०३/०४/२०२५ टाइप केले तर एक्सेल ते ४ मार्च समजतो आणि काहीच बोलत नाही. तुम्ही १५/०४/२०२५ टाइप केले तर पंधरावा महिना नसल्याने तो त्याला तारीख न मानता नुसता मजकूर म्हणून ठेवतो. म्हणजे महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांतल्या बहुतेक तारखा उलट्या होतात आणि उरलेल्या तारखाच राहत नाहीत. यादी लहान असेल तर डोळ्यांना दिसते. पाचशे ओळींत दिसत नाही. न्हावा शेवा बंदराची कागदपत्रे हाताळणाऱ्या बेलापूरच्या एका कार्यालयात अशा पत्रकावरून मुदतींचा हिशेब केला गेला होता आणि ते निस्तरायला आम्हाला दोन रात्री लागल्या. ओळखायची खूण सोपी आहे: खरी तारीख आणि खरा आकडा सेलच्या उजव्या कडेला चिकटतो, मजकूर डाव्या कडेला. कुठल्याही नव्या मशीनवर बसलात की आधी विभाग-सेटिंग भारतातले इंग्रजी असे आहे का ते पाहा. त्याने आकड्यांतले स्वल्पविरामही लाख-कोटींच्या जागी पडतात.

हाच घोळ लांब क्रमांकांचा. १२ आकडी आधार क्रमांक साध्या सेलमध्ये टाकला की तो ई आणि अधिक चिन्ह असलेल्या विचित्र रूपात दिसू लागतो. तेवढ्याने आकडा बिघडत नाही, नुसता दिसण्याचा फरक असतो. पण १६ आकडी खाते क्रमांक टाकलात, तर एक्सेल १५ अंकांपर्यंतच नेमकेपणा राखत असल्यामुळे शेवटचा अंक शून्य होतो आणि तो परत मिळत नाही. शून्याने सुरू होणाऱ्या क्रमांकाचे पहिले शून्य गळून पडते. ज्या क्रमांकांची बेरीज-वजाबाकी कधीच करायची नसते ते सारे, मोबाइल क्रमांक धरून, टाइप करण्याआधीच तो रकाना टेक्स्ट प्रकारचा करून मग भरावेत.

सॉर्टबद्दलही एक सावधगिरी. तुर्भ्याच्या बाजारातल्या एका पेढीवर नव्या मुलाने फक्त नावांचा रकाना निवडला आणि अकारविल्हे लावून टाकला; निवड वाढवायची का असे एक्सेलने विचारले होते, पण त्याने न वाचता नको म्हटले. नावे हलली, रकमा जागच्या जागी राहिल्या, फाइल साठवली गेली. आदल्या दिवशीची प्रत पेनड्राइव्हवर होती म्हणून उधारीची वही वाचली. त्या मुलाचा दोष मी अर्धाच धरतो. सॉर्ट करण्याआधी प्रत काढावी आणि प्रत्येक ओळीला अनुक्रमांक द्यावा, म्हणजे मूळ क्रम परत आणता येतो, हे त्याला क्लासमध्ये कुणी सांगितलेच नव्हते.

फॉर्म्युल्यांची संख्या वाढवण्याच्या मागे लागू नका. सम, इफ, काउंटइफ, समइफ, दुसऱ्या यादीतून जुळणारी माहिती आणणारा व्हीलुकअप आणि ट्रिम एवढे पक्के असले की पहिल्या वर्षाचे काम निभावते. व्हीलुकअपच्या शेवटी फॉल्स लिहायला विसरू नका. ते सोडले तर एक्सेल जवळपासचे उत्तर शोधतो आणि चुकीचे उत्तर बरोबर असल्याच्या थाटात दाखवतो. दोन नावे दिसायला सारखी असून जुळत नसतील तर एकाच्या मागे न दिसणारी मोकळी जागा असण्याचा संभव फार. ट्रिम तिच्यासाठी आहे.

वर्डला त्या मानाने थोडा वेळ पुरतो. नवे पान सुरू करायला एन्टर दाबत बसायचे नाही, पेज ब्रेक द्यायचा. मजकूर सरळ रेषेत आणायला स्पेस दाबायची नाही, टॅब किंवा टेबल वापरायचे. मथळ्यांना स्टाइल द्यायची. शंभर गिऱ्हाइकांची पत्रे मेल मर्जने, म्हणजे एकाच मसुद्यात यादीतली नावे आपोआप भरून, काढायची आणि बाहेर पाठवायची ती पीडीएफ करून. पानाचा आकार ए४ आहे की अमेरिकी लेटर, हे छपाईआधी पाहावे. प्रिंटर कागद मागत अडून बसतो त्याचे कारण पुष्कळदा हेच असते. पॉवरपॉइंटला दोन दिवस बस्स.

मराठी टायपिंगची मात्र हेळसांड करू नका. अनेक क्लासमध्ये अजूनही जुन्या फॉन्टवर मराठी शिकवतात. त्या फॉन्टमध्ये मजकूर प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरांच्या जागी साठवला जातो आणि नुसते चित्र मराठी दिसते. त्यामुळे तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो, शोध घेता येत नाही आणि एक्सेलमध्ये नावे अकारविल्हे लागत नाहीत. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक असल्याने तोच मजकूर मोबाइलवर, ईमेलमध्ये, सरकारी संकेतस्थळावर सारखा दिसतो. विंडोजमध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड मुळातच दिलेला असतो, फक्त सुरू करावा लागतो. त्यात स्वर आणि मात्रा बहुतांशी डाव्या हाताला व व्यंजने उजव्या हाताला येतात, आणि पंधरा-वीस दिवस रोज अर्धा तास दिला की बोटे वळतात. इंग्रजी अक्षरे टाइप करून मराठी उमटवण्याची पद्धत सुरुवातीला सोपी वाटते, पण वेगाला पुढे मर्यादा पडते, असे मला माझ्या विद्यार्थ्यांकडे पाहून वाटते.

इथवरचे सार एवढेच, की हार्डवेअरमधून दोष कुठे आहे हे ओळखण्याची शिस्त घ्यावी, ऑफिसमधून एक्सेल आणि युनिकोड मराठी घ्यावे, आणि बाकीचे ओझरते पाहिले तरी चालेल. तुम्ही बी.कॉम. असल्यामुळे पुढे टॅली आणि जीएसटी शिकणे तुमच्या फायद्याचे ठरेल, कारण तुर्भे-वाशीच्या व्यापारी पेढ्यांत त्याच कामाला मागणी असते. पण ते याच तीन महिन्यांत कोंबून वाढीव फी घेणाऱ्या पॅकेजला आधीच होकार देऊ नका. एक्सेलवर हात बसल्यावर टॅली निम्म्या कष्टात येते. वर्षभराचा वेळ देता येत असेल तर आयटीआयमधला कोपा (कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रामिंग असिस्टंट) हा एक वर्षाचा अभ्यासक्रमही विचारात घेण्यासारखा आहे. पण मुले लहान असताना रोज पूर्ण दिवस बाहेर राहणे कितपत जमेल, हे तुम्हीच ठरवू शकता.

क्लास निवडताना डेमो लेक्चरला जाऊ नका, प्रॅक्टिकलच्या वेळी न सांगता जा. एका मशीनवर किती जण बसले आहेत ते पाहा. दोनपेक्षा जास्त असतील तर तुमच्या वाट्याला माउस येणार नाही. टेबलावर झाकण उघडलेली, धूळ बसलेली, खिळखिळी झालेली दोन-तीन जुनी मशीन दिसली तर ते चांगले लक्षण समजा. सगळी मशीन चकचकीत आणि बंद असतील तर हार्डवेअर तिथे फळ्यावरच शिकवले जात असण्याचा संभव आहे. शेवटच्या महिन्यात बाहेर पडणाऱ्या एखाद्या मुलीला थांबवून तिने आतापर्यंत किती वेळा रॅम काढली आणि पिव्होट टेबल कधी केले, एवढे विचारा. शंभर टक्के नोकरीची हमी देणाऱ्या ठिकाणी ती हमी पावतीवर लिहून मागा. बहुधा विषय तिथेच संपेल. फी हप्त्यांनी भरता येत असेल तर तशीच भरा आणि सुटलेली प्रॅक्टिकल दुसऱ्या बॅचबरोबर करू देतात का ते विचारा, कारण घरात मूल आजारी पडले की चार दिवस हमखास बुडतात.

राहता राहिला घरच्या कॉम्प्युटरचा प्रश्न. आठवड्यातून चार तास क्लासमध्ये बसून एक्सेल येत नाही, आणि मोबाइलवर त्याचा सराव होत नाही, म्हणून घरी मशीन असावे असे माझे मत आहे. ते नवे किंवा महागडे असण्याची गरज नाही. कार्यालयांतून निघालेला जुना डेस्कटॉप चालेल. ऑफिस विकत घेणे परवडत नसेल तर लिबरऑफिस मोफत मिळते आणि वर सांगितलेले सगळे फॉर्म्युले त्यात चालतात; कुणी चोरीचे ऑफिस टाकून देतो म्हणाला तर नको म्हणा, त्याबरोबर मशीनमध्ये आणखी काय येते हे मी दुरुस्तीच्या टेबलावर पुष्कळ वेळा पाहिले आहे. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, त्यामुळे विंडोज ११ अधिकृतपणे चालेल असेच मशीन पाहावे, म्हणजे इंटेलचे आठव्या पिढीचे किंवा त्यापुढचे. शिवाय ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडी.

फक्त ते आज घेऊ नका. पहिला महिना संपू द्या आणि मग दुकानात जा. कॅबिनेटचे झाकण उघडायला लावा, रॅम बसवायची एक जागा रिकामी आहे का ते पाहा, एसएसडी म्हणून सांगितलेली वस्तू खरोखर एसएसडी आहे का ते पाहा, प्रोसेसरची पिढी सेटिंगमध्ये स्वतः वाचा. मग प्लग काढून पाच मिनिटे थांबायला सांगा, मशीन पुन्हा सुरू करून थेट बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या पडद्यावर, जा आणि तारीख आजचीच आहे ना ते तपासा. नसेल तर मदरबोर्डवरची ती बटन सेल त्यांच्याकडूनच बदलून घ्या.